भूमितीच्या पेपरात दोन किलो

परळच्या आमच्या शाळेत मार्कांवरून घासाघीस चालते ती फक्त माझ्यासारख्यांकडे. मी मराठी शिकवतो. निबंधाला साताचे आठ करा ना सर, म्हणून मुलं मागे लागतात आणि मी करतोही. निबंधात एक मार्क इकडे काय नि तिकडे काय, कुणाचं घर बुडत नाही. परुळेकर बाईंकडे मात्र एकतीस वर्षांत कुणी असं तोंड उघडलं नव्हतं. बाई गणित शिकवतात, नववी-दहावीला, आणि त्यांचा एकच नियम. चूक दाखवता आली तरच मार्क कापायचा. जिथं चूक तिथं लाल पेनानं गोल, आणि गोलाशेजारी कापलेला मार्क. गोल नाही तर कापणं नाही. मुख्याध्यापकांचा पुतण्या दहावीत होता तेव्हा त्याच्या पेपरात अकरा गोल निघाले होते. मुख्याध्यापकांनी ते चष्मा लावून एकेक पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

बाईंचं पूर्ण नाव नलिनी धोंडू परुळेकर. जन्म लालबागचा, मूळ मालवणकडचं. वडील धोंडूआबा गिरणीत होते. ती बंद पडली तेव्हा नलिनी शाळेतच होती. आबांनी गल्लीच्या तोंडाशी नारळ विकायला घेतले आणि पोरीनं चाळीच्या गॅलरीत खालच्या इयत्तांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन आपलं शिक्षण आपणच केलं. लग्न केलं नाही. का ते मी कधी विचारलं नाही, कारण बाईंनी पायऱ्या पायऱ्यांनी उत्तर दिलं असतं. उंची बेताची, आवाज मोठा, साडीला कायम खडूची बोटं लागलेली. बाजारात गेल्या की भाजीवाला आधी वजन करतो, मग बाईंकडे बघतो, मग एक मिरची वाढवतो.

लाल पेन फक्त शाळेपुरतं असतं तर बरं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गल्लीतल्या गणपती मंडळानं बॅनर लावला होता. 'स्थापना १९५०, वर्ष ७३ वे.' साल २०२३. बाई शाळेतून येता येता थांबल्या, पर्समधून मार्कर काढला आणि टाचा उंचावून त्या ७३ भोवती गोल केला. मंडळाचा अध्यक्ष धनेश हा त्यांचाच जुना विद्यार्थी. तो धावत आला.

"काय बाई, बरोबर तर आहे. तेविसातून पन्नास गेले, त्र्याहत्तर."

"पन्नास साली गणपती बसला होता ना? मग ते कितवं वर्ष?"

"पहिलं."

"मोज मग बोटांवर. एक्कावन्न?"

"दुसरं." धनेशनं भर रस्त्यात, ढोलपथकाच्या पोरांसमोर, दोन्ही हातांची बोटं संपेपर्यंत मोजलं आणि बॅनर उतरवला. मंडळाचा अमृतमहोत्सव एक वर्ष उशिरा होता होता राहिला. तेव्हापासून कार्यकारिणीची कुठलीही मोजदाद बाईंना दाखवल्याशिवाय छापायला जात नाही.

अशा बाई. येत्या मेअखेर त्या निवृत्त होणार. शेवटचं वर्ष नीट पार पडेल असं आम्हां सगळ्यांना वाटत होतं आणि जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर वाटले गेले.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई शिक्षकखोलीत आल्या त्या डबा न उघडताच बसल्या. मी शेजारच्या खुर्चीत. माझी पोळी अर्ध्यावर होती.

"केळुसकर," त्या म्हणाल्या, "भूमितीच्या पेपरात कुणी किलो लिहितं का हो?"

मी म्हटलं, "वडापाववाल्याचा पोरगा असेल."

"श्रेया घाडीनं लिहिलंय. बघा."

श्रेया घाडी मला ठाऊक होती. दहावी ब, दुसरा बाक, वर्गात सगळ्यांत वर हात करणारी आणि हात खाली येण्याआधी बोलून मोकळी होणारी. बाईंनी तिच्या पेपराचा फोटो काढून आणला होता. प्रश्न चार मार्कांचा. मला गणितातलं फार कळत नाही, पण बाईंनी तो माझ्या डब्याच्या झाकणावर बोटानं इतक्या वेळा काढून दाखवला की आता मी झोपेतही काढेन. एबीसी त्रिकोण. खालची बाजू बीसी. तिच्यावर डी असा की बीपासून डी एक भाग, डीपासून सी दोन भाग. वरच्या एपासून डीपर्यंत रेघ, तिच्या बरोब्बर मध्यावर ई. आता बीपासून निघून, ईमधून जाऊन समोरच्या एसी बाजूला धडकणारी रेघ काढा. ती धडकते तो बिंदू एफ. तर एफ त्या बाजूचे कसे तुकडे करतो?

पुस्तकातल्या रीतीनं आधी एक समांतर रेषा काढायची, मग प्रमाणाचं मूलभूत प्रमेय एकदा या त्रिकोणात, एकदा त्या त्रिकोणात. नऊ पायऱ्या, प्रत्येकीपुढे कंसात कारण. श्रेयानं एकही रेषा काढली नव्हती. तिनं लिहिलं होतं: बीवर २ किलो, सीवर १ किलो, म्हणून डीवर ३. ई मध्य आहे, म्हणून एवरही ३. म्हणून उत्तर एकास तीन.

"उत्तर चुकलंय?" मी विचारलं.

"उत्तर बरोबर आहे."

"मग?"

"मग काय! त्रिकोण आहे तो, वाण्याचं दुकान नाही. कोपऱ्यांना वजनं कसली टांगतेय? असं पुस्तकात नाही, दहावीत नाही, बारावीत नाही. मी शून्य दिलं."

"आणि गोल?"

बाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

घडलं होतं ते असं. श्रेयाला चाळीसपैकी छत्तीस पडले होते. पेपर हातात आल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझे चार मार्क कापलेत, पण लाल गोल नाहीये." सगळ्या वर्गानं माना वळवल्या. एकसष्ट मुलं. बाईंनी पेपर हातात घेतला, त्या दोन ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, लाल पेन उघडलं आणि ते कुठं टेकवावं तेच त्यांना कळेना. पहिल्या ओळीला गोल करावा तर पहिली ओळ का चूक ते सांगता येईना. दुसऱ्या ओळीचंही तेच. पेन तसंच बंद करून त्या म्हणाल्या, "आज सोमवार. शनिवारच्या तासाला चूक दाखवते. नाही दाखवली तर चार मार्क तुझे, आणि परुळेकर बाईंनी कारण नसताना मार्क कापले असं मी स्वतः याच वर्गासमोर सांगेन."

रागाच्या भरात बोलून गेल्या. पण बोलून गेल्या.

दुपारपर्यंत ही गोष्ट पाचवीपर्यंत पोचली. दहावी बच्या फळ्याच्या कोपऱ्यात, सुविचाराच्या खाली, कुणीतरी लिहिलं, 'चूक सापडायला उरले दिवस: ५.' मी तासाला गेलो तेव्हा ते पुसलं. दुसऱ्या दिवशी तिथं ४ होतं.

बाई शोधाला लागल्या. माझं बिऱ्हाड त्यांच्याच इमारतीत, एक मजला खाली, त्यामुळे मी आयताच सापडलो. मंगळवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. पलंगाखालून ट्रंक ओढून काढली. आत एकतीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सालवार, सुतळीनं बांधलेल्या. माझं काम एवढंच की त्रिकोणाचा प्रश्न दिसला की मोठ्यानं वाचायचा. बाई तो आधी पुस्तकी रीतीनं सोडवायच्या, मग श्रेयाच्या किलोंनी, आणि दोन्ही उत्तरं शेजारी मांडायच्या. बेत साधा होता. रीत खोटी असेल तर कुठंतरी उत्तर चुकेल, आणि चुकलं की तिथं गोल.

पहिल्या त्रिकोणात उत्तर जुळलं. दुसऱ्यात जुळलं. बाई म्हणाल्या, योगायोग. सातव्यापर्यंत योगायोगच चालला होता. मग त्यांनी विशालकोन त्रिकोण घेतले, पसरलेले, लोळल्यासारखे दिसणारे. त्यांतही जुळलं. सन दोन हजार चारच्या एका प्रश्नात नाही जुळलं तेव्हा बाई टाळी वाजवून उठल्याच, "सापडली!" आणि मग दिसलं की पुस्तकी रीतीनं सोडवताना त्यांचीच बेरीज चुकली होती. त्यांनी स्वतःच्या वहीत स्वतःच्या बेरजेला लाल गोल केला. मी त्या वेळी छताकडे बघत होतो.

बुधवारअखेर त्रेचाळीस त्रिकोण झाले. बाईंची अवस्था मात्र बघवेना. चहात मीठ पडलं. रस्त्यात भाजीवाल्यानं वजन केलं तेव्हा त्यांनी त्याचा काटा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि त्यानं घाबरून दोन मिरच्या वाढवल्या.

मी माणूस व्यवहारी. म्हटलं, "बाई, कशाला जीव आटवताय? शनिवारी सांगा की असलं बोर्डात चालत नाही. विषय संपला."

"चालतं," बाई म्हणाल्या. "मी पंधरा वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेत. दुसरी रीत बरोबर असेल तर मार्क द्यायचेच असतात."

"मग पायऱ्या कमी आहेत म्हणा. सगळे तसंच म्हणतात."

त्यावर बाई माझ्याकडे अशा वळल्या की मी खुर्ची मागे घेतली. "कुठली पायरी कमी आहे? सांगा ना तुम्ही! पहिल्या ओळीनंतरची की दुसरीनंतरची? ते मला ठाऊक असतं तर मी गोल नसता केला? एकसष्ट पोरांसमोर खोटं बोलू? त्यापेक्षा उद्याच निवृत्त होते."

एकतीस वर्षांत मी बाईंना रागावलेलं रोज पाहिलं होतं, घाबरलेलं तेव्हा प्रथम पाहिलं. मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली. दुसऱ्यांच्या अब्रूवर सल्ले द्यायला आमच्या घराण्यात पहिल्यापासून उत्साह आहे.

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी पुन्हा वर गेलो. धोंडूआबा खिडकीशी बसले होते. वय शहाऐंशी, कान तिखट, डोळे कमी. तीन दिवस ते हा सगळा त्रिकोणांचा जप ऐकत होते. बाई जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या आणि स्वतःशीच बोलत होत्या, "बीपासून एक, सीपासून दोन. मग बीवर दोन आणि सीवर एक का? उलटं का लिहिलंय कार्टीनं? जिथं अंतर कमी तिथं वजन जास्त, असं का?"

"नलू," आबा म्हणाले, "तीन दिस तां एकच काय इचारतस गे? कावड कधी उचललंस काय?"

"बाबा, मी गणितात आहे."

"होय तर. मियां पन गनितातच आसंय. जड वझा खांद्याच्या जवळ, हलका लांब. बावीवरसून पानी हाडताना एक हंडो मोठो नि एक ल्हान आसलो तर काठी मधी धरून चलात काय? मोठ्या हंड्याकडे खांदो सरकवक होयो. नायतर चलतलंस नि पडतलंस."

बाईंचं पेन हवेत राहिलं.

आबांना राहवेना. ते उठले, दोरीवर कपडे वाळत घालायची बांबूची काठी घेतली आणि मला फर्मावलं, "मास्तर, ते तांदळाचे पिशये हाडा." मी आणून दिल्या. एका टोकाला दोन पिशव्या, दुसऱ्या टोकाला एक. आबांनी काठी खांद्यावर घेतली आणि डोळे मिटून, नुसत्या सवयीनं, जड टोकाकडे सरकवत नेली. एका जागी ती थांबली. दोन पिशव्यांकडून एक हात, एकीकडून दोन हात. शहाऐंशी वर्षांचा म्हातारा तीन पिशव्या तोलून दहा बाय बाराच्या खोलीत ऐटीत उभा होता आणि मी पिशवी सुटली तर कुठं पळायचं ते बघून ठेवत होतो.

"बाबा, हलू नका," बाई म्हणाल्या. त्या गुडघ्यांवर रांगत पुढे आल्या आणि काठीवर तीन ठिकाणी खडूनं अक्षरं लिहिली. दोन पिशव्यांपाशी बी, एकीपाशी सी, आणि आबांच्या खांद्यापाशी डी.

पुढचं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, पण त्यांनी ते मला मोठ्यानं सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे मला कळलं. आबांच्या खांद्यावर आता मिळून तीन पिशव्यांचा भार. ए टोकाला तेवढाच, तिनाचा, भार ठेवला की त्या दोघांचा तोल बरोबर मध्यावर साधतो. तो मध्य म्हणजे ई. म्हणजे तिन्ही कोपऱ्यांची ओझी मिळून ईवर तोलली गेली. आता हीच ओझी दुसऱ्या क्रमानं उचला. आधी ए आणि सी एका कावडीत. एवर तीन, सीवर एक, म्हणजे त्यांचा खांदा एच्या जवळ, एकाला तीन. मग उरलेला बी त्यांना जोडा. ओझी तीच असल्यामुळे सगळ्यांचा मिळून तोल पुन्हा ईवरच यायला हवा. म्हणजे बी, ई आणि तो नवा खांदा एका सरळ रेषेत. आणि बीपासून ईमधून जाणारी रेघ जिथं धडकते त्यालाच तर पेपरात एफ म्हटलं होतं.

"एकास तीन," मी म्हणालो. मराठीच्या माणसानं.

बाई भिंतीला टेकून बसल्या. "चूक नाहीये, केळुसकर," त्या हळूच म्हणाल्या. "चूक असूच शकत नाही."

"मियां ठेवू काय आता?" आबांनी विचारलं.

शनिवारी सकाळची शाळा. दहावी बला पहिला तास बाईंचा, दुसरा माझा. फळ्याच्या कोपऱ्यात मोठं शून्य काढलेलं होतं आणि त्याला कुणीतरी डोळे आणि मिशा काढल्या होत्या. घंटा झाली तसा मी दारात जाऊन उभा राहिलो, पण बाई वर्गातून निघायच्या बेतात दिसेनात, म्हणून दारातच थांबलो. त्यांनी आख्खा तास काय केलं ते मला नंतर मुलांकडून कळलं. ते त्रेचाळीसच्या त्रेचाळीस त्रिकोण त्यांनी फळ्यावर उत्तरांसह मांडले होते. माझ्यासमोर घडलं ते त्यानंतरचं.

"मला चूक सापडली नाही," बाई म्हणाल्या. "चार मार्क श्रेयाचे. परुळेकर बाईंनी कारण नसताना मार्क कापले. सगळ्यांनी ऐकलं?"

ऐकलं म्हणजे काय! बाक वाजले, शिट्टी वाजली, शिपाई सुशांत धावत येऊन डोकावून गेला. श्रेया उभी राहून दोन्ही बाजूंना मान झुकवत होती. मला बाईंकडे बघवेना, पण बाई अगदी शांत होत्या.

"आता इकडे ये," त्या श्रेयाला म्हणाल्या, "आणि वर्गाला समजावून सांग."

श्रेया ऐटीत गेली, फळ्यावर त्रिकोण काढला, आणि त्याच दोन ओळी लिहिल्या.

"बीवर दोन का? सीवर का नाही?" बाईंनी विचारलं.

"तसंच असतं ना बाई."

"का असतं?"

"म्हणजे... उलटं घ्यायचं असतं. एक-दोन असेल तर दोन-एक."

"ते कळलं. का?"

श्रेयानं खडू या हातातून त्या हातात घेतला. "बाई, मी रील बघितली होती," ती शेवटी म्हणाली. "त्यात का ते नव्हतं. चाळीस सेकंदांचीच होती."

मला वाटलं, झालं. आता बाई फाडून खाणार. मीही मनातल्या मनात थोडा खूश झालो, खोटं का बोलू! चार दिवस आमच्या बाईंना तळमळायला लावणारी पोर स्वतः काहीच न समजता मिशीवर ताव देत होती. पण बाईंनी वरच्या खिडक्या उघडायची लांब काठी मागवली. पहिल्या बाकावरची तीन दप्तरं घेतली. दोन एका टोकाला, एक दुसऱ्या टोकाला, आणि काठी श्रेयाच्या खांद्यावर बरोबर मध्यावर ठेवून दिली. काठी कलंडली. दप्तरं घसरायला लागली तशी श्रेया पटकन दोन दप्तरांच्या बाजूला सरकली. आणखी थोडी सरकली. काठी आडवी स्थिर झाली.

"का सरकलीस?" बाई म्हणाल्या.

"पडलं असतं ना बाई, इकडे जड..." श्रेया बोलता बोलता थांबली. तिनं मान वळवून एका बाजूचं अंतर पाहिलं, मग दुसऱ्या बाजूचं, मग फळ्याकडे. तोंड उघडंच राहिलं. "आयला," ती म्हणाली, आणि लगेच, "सॉरी बाई."

बाईंनी तिला पूर्ण तोल समजावला, ए, सी, ई आणि शेवटी एफ, दप्तरं बदलत बदलत. माझा अर्धा तास त्यातच गेला. मागच्या बाकांवरची मुलं बाकांवर उभी राहून बघत होती आणि कुणी त्यांना बसा म्हणत नव्हतं. संपलं तेव्हा श्रेयानं काठी उतरवली. पण ती जागेवर गेली नाही. तिची ऐट कुठल्या कुठं गेली होती.

"बाई, माझे चार मार्क नका देऊ," ती म्हणाली.

"का गं?"

"मला येत नव्हतं ना हे. नुसतं पाठ करून लिहिलं होतं. मला वाटलं, येतंय."

एकसष्ट मुलं बाईंकडे बघत होती. बाईंनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात पदराला पुसले.

"राहू देत ते चार," त्या म्हणाल्या. "नुसतं पाठ करून बरोबर लिहिणाऱ्यांना मी एकतीस वर्षं पैकीच्या पैकी दिलेत. सगळ्यांचे कापायचे तर सुरुवात माझ्यापासून करावी लागेल. दहावीला मला गणितात दीडशेत एकशे सेहेचाळीस होते."

कुणीतरी हसलं आणि मग हसू आवरलं. बाईंनी टेबलावरचं भूमितीचं पुस्तक घेतलं आणि पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान उघडलं. बोर्डाची परीक्षा पाच आठवड्यांवर होती.

"केळुसकर," दाराकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुमचा उरलेला तास मला द्या. सोमवारचा, मंगळवारचाही लागेल."

"घ्या," मी म्हणालो, आणि शिक्षकखोलीत जायच्याऐवजी आत येऊन शेवटच्या बाकावर बसलो. प्रमेयं मला अजून तोंडपाठ आहेत, कवितांसारखी. शेजारच्या पोरानं सरकून मला जागा दिली.